ढोबळ्यांचा ळ

"नीलिमा टेंभेकर," मी माझं नाव सांगितलं. समोरच्या गृहस्थांनी नमस्काराला वर केलेले हात अर्ध्यावरच थांबवले, बोटांची पेरं मोजली आणि मग राहिलेला नमस्कार पुरा केला. "कान्यामात्रेसकट चौदा," ते म्हणाले. "बीच में एक खाली जागा, ते धरून. बसा, दीदी."

धनराज ढोबळे माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. पण रायपुरात ऑफिसातली बाई ही दीदीच असते, तिथे वयाचा दाखला कोणी मागत नाही. मी त्यांना भाऊ म्हणायची. ऑफिसातल्या प्रत्येकाचं नाव त्यांनी असंच मोजून ठेवलं होतं. वर्मासाहेबांना ते खासगीत 'सोळा' म्हणत आणि दुखू नावाच्या म्हाताऱ्या शिपायाला तोंडावर 'चार'. दुखूला तो आपला काहीतरी हुद्दा वाटायचा.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं आणि गावाला अजून त्याची सवय नव्हती. पेंटर लोक शिड्या घेऊन पाटीवरून पाटीवर हिंडत होते, 'मध्यप्रदेश' पुसून 'छत्तीसगढ' लिहीत होते. आमच्या खात्याला एक जुना बंगला मिळाला. त्यातल्या मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, एक ठणाणा करणारा प्रिंटर आणि एक कूलर. कूलर कॉम्प्युटरसाठी होता, माणसं त्याच्या कृपेवर जगत होती. काम एकच: शहरातल्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांतल्या सगळ्या कुटुंबांची यादी. एक यादी भोपाळहून फ्लॉप्यांत भरून आली होती, दुसरी इथे नव्याने टाइप झाली होती. दोघींची मिळून एक करायची.

प्रोग्राम लिहायचे ढोबळे. मी आकडेवारीची सहायक, म्हणजे प्रिंटरमधून निघेल तो कागद टोचून फायलीत लावायचा आणि ढोबळ्यांचं ऐकायचं. दुसरं काम जास्त होतं.

देवाने ह्या माणसाचं आडनाव ठेवताना थट्टाच केली होती. 'ढोबळ मानाने' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. मी एकदा म्हटलं, "ढोबळ मानाने अर्धं काम झालं ना भाऊ?" तर दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी लूनाला पाय मारता मारता म्हणाले, "नाव ढोबळे आहे, दीदी. काम नाही."

त्यांचे देव दोन. पहिला ऑलट्रिम. टाइप करणाऱ्याने नावाच्या पुढे किंवा मागे चुकून रिकामी जागा सोडली, तर ती छाटून टाकणारा प्रोग्राममधला हा हुकूम. ढोबळे तो माणसांवरही चालवत. कोणी अर्जदार येऊन "साहेब, बात ऐसी है कि मेरे दादाजी के जमाने से..." असं सुरू झाला की ढोबळे हात वर करून म्हणत, "भैया, ऑलट्रिम करके बोलो." तो बिचारा घाबरून नुसतं नाव आणि घरनंबर सांगायचा, आणि खरंच तेवढंच लागायचं. डब्यातल्या भेंडीबद्दलही ते अभिमानाने सांगत, "दोन्हीकडून ऑलट्रिम. आमच्या घरी ट्रेनिंग झालेलं आहे."

दुसरा देव डबल बरोबर. हा मात्र त्यांनी दुसऱ्याला लागलेली ठेच पाहून पुजायला घेतला होता.

त्याचं असं झालं. वस्त्यांमधून दर महिन्याला मयतांची नावं यायची. प्रोग्राम ती मोठ्या यादीतल्या नावांशी ताडून पाहायचा आणि जुळेल ते नाव वगळायचा. आमच्या प्रोग्रामच्या भाषेत बरोबरचं चिन्ह एकदा मारलं तर तो नावाची नुसती सुरुवात जुळते का बघायचा, दोनदा मारलं तर अक्षर न अक्षर. ढोबळे येण्याआधी कोणी तरी एकदाच मारून ठेवलं होतं. बीरगांवच्या एका पाऱ्यात, म्हणजे आळीत, राम नावाचे एक आजोबा वारले. प्रोग्रामने त्यांच्याबरोबर रामाधार, रामकुमार, रामदयाल आणि रामखिलावन एका फटक्यात वर पाठवले. आठ दिवसांनी रामखिलावन स्वतः दारात उभा. "मैं तो जियत हंव साहेब," तो म्हणाला. पुरावा म्हणून पुढे जोडलं, "भात खाके आए हंव."

ढोबळ्यांनी आल्या आल्या सगळीकडे डबल बरोबर मारलं. पुढे ती त्यांची बोलीच झाली. मी म्हणायची, "भाऊ, वर्मासाहेब हो म्हणालेत." की हे विचारणार, "सिंगल बरोबर की डबल बरोबर?" पुतण्यासाठी स्थळ पाहून आले तेव्हा म्हणाले, "पोट्टी चांगली आहे, पण सिंगल बरोबर."

डबल बरोबरची खोड उलटीही होती. नावात एक रिकामी जागा जास्त पडली, तरी मेलेला माणूस यादीत जिवंतच राहायचा. अशांची एक वेगळी पुरवणी प्रिंटरमधून निघायची, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'नहीं मिला' असं छापलेलं असे. ह्या पुरवणीवर ढोबळे तुटून पडत. सिलतऱ्यापर्यंत लूनावर जाऊन, कारखान्यांची काळी भुकटी डोक्यावर घेऊन येत. नाव कुठे चुकलं ते शोधत, दुरुस्त करत, पुन्हा प्रोग्राम चालवत आणि जुळलं की खोलीभर ऐकू जाईल असे ओरडत, "मिळालं!" मयताच्या नावापुढे एवढा आनंद बरा दिसत नाही, असं मी दोनदा सांगून पाहिलं. "आनंद मयताचा नाही, दीदी," ते म्हणाले. "माणूस जाते तर आपल्या नावानं जावं. दुसऱ्याच्या नावानं काहून?"

त्यांच्या घरी मी पहिल्याच वर्षी गेले. भनपुरीला, ट्रक दुरुस्तीच्या दुकानांच्या मागे दोन खोल्या. मंजुळावहिनी वर्ध्याकडच्या. बारीक, हसऱ्या, आणि नवऱ्याची थट्टा करायला पाहुण्याची वाटच बघत असल्यासारख्या. मूलबाळ नव्हतं.

"लग्नात थाळीत तांदूळ घेतले," त्या सांगू लागल्या. "अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं असते ना. सासूबाईनं सांगून ठेवलं होतं, मनीषा लिही. हे ऐकतच नव्हते. म्हंते, नाव ठीक आहे तर बदलायचं काहून? मंजुळाच लिहिलं. ळचं पोट गोल काढता काढता अर्धे तांदूळ खाली! अन मंग रात्री माह्याशी पहिला शब्द काय बोलले असन?"

"काय?"

"सहा." वहिनींनी पदर तोंडाला लावला. "मले वाटलं, सहा वाजले."

ढोबळे शांतपणे चहा ओतत होते. "कान्यामात्रेसकट सहा," ते म्हणाले. "चूक काय बोललो?"

त्याच दिवशी त्यांनी भनपुरीच्या यादीचा कच्चा कागद घरी आणला होता. वहिनींनी तो चष्मा लावून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे मंजुला कोण होय?"

"तूच."

"मी नाही." त्या हसत होत्या, पण बोट हललं नाही. "दवाखान्यातही त्या दिवशी मंजुला मंजुला करून ओरडून राहिले होते. मी उठलीच नाही. म्हटलं, असन कोणी दुसरी बाई. हे दुरुस्त करा बरं."

"करतो," ढोबळे म्हणाले.

आता ही मंजुला आली कुठून, ते सांगायला हवं. हिंदीत ळ नाही. भोपाळच्या यादीत काळे होते ते काले झालेले, कांबळे होते ते कांबले. आमच्या नव्या यादीत मराठी टायपिस्टने ळ नीट मारलेला. डबल बरोबरच्या हिशेबी काळे आणि काले ही दोन माणसं, त्यामुळे रेल्वेतली आणि कारखान्यांतली आमची सगळी विदर्भाकडची घरं यादीत दुप्पट झाली. वर्मासाहेबांना यादी तातडीने हवी होती. ढोबळ्यांनी एका ओळीचा हुकूम लिहिला: जिथे जिथे ळ असेल तिथे ल घाल. एंटर मारला. पाच मिनिटांत सगळ्या जोड्या जुळल्या. वर्मासाहेबांनी पाठ थोपटली, आणि ढोबळ्यांनी मला एक समोसा जास्त दिला.

रायपुरातला एकूण एक ळ त्या पाच मिनिटांत गेला. घालवणारा माणूस ढोबळे आडनावाचा होता.

वहिनी त्याच हिवाळ्यात गेल्या. कावीळ म्हणता म्हणता आठ दिवसांत आटोपलं. ढोबळे तेराव्यानंतर कामावर आले, नव्या टायपिस्टच्या नावातली अक्षरं मोजली आणि खुर्चीवर बसले. डब्यात भेंडी येईनाशी झाली. बाकी काही बदललेलं मला तरी दिसलं नाही, आणि त्याची मला आज लाज वाटते.

पुढच्या वर्षी हुकूम निघाला. महिनाअखेरीला यादीला कुलूप. म्हणजे ती वर जाणार, छापली जाणार आणि मग कुणालाही एक अक्षर हलवता येणार नाही. त्या दिवशी ढोबळे उभे राहिले आणि वर्मासाहेबांच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "सर, कुलूप लगने के पहले ळ वापस लाना है."

"क्या लाना है?"

"ळ."

वर्मासाहेबांनी तो उच्चारून पाहिला. जिभेने साथ दिली नाही. "ढोबले जी, ल हो या वो, आदमी तो वही रहेगा ना?"

"नहीं सर," ढोबळे म्हणाले. "माल और माळ एक नहीं है. एक ट्रक में जाता है, एक गले में." साहेबांनी हात जोडले. ऑफिसचं काम सांभाळून काय करायचं ते करा, म्हणाले.

मला वाटलं, गेला तसा एका ओळीत परत येईल. मी तसं बोलूनही दाखवलं: ल दिसेल तिथे ळ घाला. ढोबळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं, वेगळ्या फ्लॉपीत नक्कल काढली आणि हुकूम चालवून दाखवला. पडद्यावर ळक्ष्मणप्रसाद, ळाळाराम आणि बिळासपूर उभे राहिले. दुखूचं आडनाव पटेल, त्याचं पटेळ झालं. मी पोट धरून हसले, ढोबळे हसले नाहीत.

"ळ चा ल करणं सोपं, दीदी," ते म्हणाले. "पण मंग कोणता ल पहिले ळ होता, हे मशीनले माहीत नाही. मीच पुसलं ना थे." फ्लॉपी काढून घेत म्हणाले, "आता ज्याचं त्यालेच विचारा लागन."

आणि ते विचारायला निघाले. सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी उजेड असेतो, रविवारी दिवसभर. बीरगांव, भनपुरी, रेल्वेच्या चाळी. दोनदा मीही लूनावर मागे बसून गेले. दार वाजवायचं आणि पहिलाच प्रश्न, "तुमच्या नावात ळ आहे का?" लोकांना आधी वाटायचं काही विकायला आलेत.

एका घरात कॉलेजातली मुलगी दारात आली. ढोबळ्यांनी मराठीत विचारलं, तिने हिंदीत उत्तर दिलं. "अंकल, कांबले ही रहने दो ना. मेरी मार्कशीट में भी वही है. क्या फर्क पड़ता है?"

आतून तिच्या आजीचा आवाज आला, "कोण होय वं?"

"कोई अंकल हैं आजी, नाम का पूछ रहे हैं."

आजी भिंतीचा आधार घेत बाहेर आली. ढोबळ्यांनी कागद पुढे धरला. आजीला वाचता येत नव्हतं. ढोबळे म्हणाले, "तुमचं आडनाव बोला, आजी. जसं बोलता तसं." आजी म्हणाली, "कांबळे." ळ असा ठणठणीत आला की मुलीने मान वळवून पाहिलं. ढोबळ्यांनी कागदावर ल खोडून ळ लिहिला. निघताना मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, मेरे में भी लिख दो." मग जीभ दोनदा वळवून तिने तो अक्षरशः चाखून पाहिला, "कांब-ळे."

सगळेच असे नव्हते. एका कारखान्यातल्या फोरमनने दार लावून घेतलं. एका कावळे नावाच्या गृहस्थाने हात जोडून विनवलं, "भाऊ, कावले राहू द्या. पोरं शाळेत काव काव करतात." ढोबळ्यांनी त्यांचा कावले ठेवला, आणि वहीत 'स्वतःच्या मर्जीने' अशी नोंद केली. मला ते फार आवडलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारला, यादीत फक्त एक घर उरलं. भनपुरी, ढोबळे.

"करा की भाऊ," मी म्हटलं. "घरच्या माणसाला विचारायला लूना लागत नाही."

त्यांनी स्वतःच्या नावातला ळ मारला. खालच्या ओळीवर आले आणि त्यांचे हात थांबले. शेवटची म्हणून मी 'नहीं मिला'च्या पुरवण्यांची जुनी फाईल लावायला काढली होती. का कोण जाणे, त्या दिवशी मी ती वाचली. एवढे महिने नुसतीच टोचत आले होते. दर महिन्याच्या कागदावर इतर नावं यायची, जायची. एक नाव मात्र प्रत्येक कागदावर होतं. मंजुळा ढोबळे, भनपुरी. नहीं मिला. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मयताचा अर्ज त्यांनीच भरला होता, ळ घालून, नीट. यादीत होती मंजुला. डबल बरोबरला ती जुळली नाही. एका रिकाम्या जागेसाठी सिलतऱ्यापर्यंत धावणारा हा माणूस ही एक ओळ चौदा महिने तशीच राहू देत होता. त्या यादीत भनपुरीच्या घरात अजून दोन माणसं राहत होती. ल चा ळ केला, की आजच्या शेवटच्या फेरीत ती जुळणार आणि वगळली जाणार.

"भाऊ," मी म्हटलं. "तुमचं नाव झालं ना दुरुस्त. वहिनींचं राहू द्या. कोणाला कळणार नाही. कुलूप लागून जाईल."

ढोबळ्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "चौदा महिने हेच करून राहिलो ना, दीदी," ते म्हणाले. "रोज सकाळी मशीन उघडलं की पहिले भनपुरी पाहत होतो. दोन नावं दिसली की कामाले लागत होतो. पण थे ती नाही. मंजुला कोणी दुसरी बाई होय, तिनंच सांगतलं होतं. दुसऱ्याच बाईले घरात ठेवून राहिलो मी." नाक पुसून म्हणाले, "तिनं एकच काम सांगतलं होतं. करतो म्हटलं, अन केलं नाही."

त्यांनी ल पुसला आणि ळ मारला. मंजुळा. पेरांवर मोजून पाहिलं. सहा. मंजुलाही सहाच भरायची, नुसत्या मोजणीला ही चूक कधी कळलीच नसती.

मला वाटलं, आता ते शेवटची फेरी चालवतील. ते उठले.

"चहा पिऊन येतो," म्हणाले. "तेवढा वेळ राहू द्या तिले. बरोबर नावानं."

एरवी ढोबळे चहा उभ्या उभ्या, दोन मिनिटांत पितात. त्या दिवशी पाऊण तास झाला तरी आले नाहीत. वर्मासाहेबांचा दोनदा निरोप आला. दुखू खोली झाडायला आला आणि सवयीने कॉम्प्युटर बंद करायला बटणाकडे वळला. मी त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडले की बिचाऱ्याच्या हातातला झाडू पडला. पडद्यावर भनपुरीच्या त्या घरात धनराज आणि मंजुळा, दोन ओळी, एकीखाली एक. मी खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले.

ढोबळे आले, तोंड धुऊन आले होते. बसले आणि फेरी चालवली. प्रिंटर ठणाणला. आलेला कागद त्यांनी फाडला, वाचला आणि माझ्याकडे दिला. 'नहीं मिला'च्या खाली त्या दिवशी एकही नाव नव्हतं.

मी त्यांच्या त्या ओरडण्याची वाट बघत होते. ते ओरडले नाहीत.

"मिळाली," एवढंच म्हणाले, आणि यादीची फ्लॉपी काढून वर्मासाहेबांकडे द्यायला गेले.